उजवी स्टिक माही

१४ सप्टें., रविवार
आजही हे नाई उठले. बाहेर बसा म्हटलं त भिंतीकडं तोंड. लकव्यात यायचा उजवा हात गेला, जीभ तेवढी देवानं शाबूत ठेवली. सेवाग्रामची फिजिओवाली सांगून थकली, हात चालवा. हे म्हणतात, कशासाठी?
मागच्या खोलीत यायचं रिमोटवर उडणारं विमान, अर्धवट. पंख तयार, पोट उघडं. इतकी वर्षं त्या बाल्सा लाकडाच्या भुशानं माह्या पोळ्या खराब केल्या, आज मीच त्याच्यावरची धूळ पुसली. मंग रागानं म्हटलं, सांगा कसं करायचं, मी करते. तोंड इकडं वळलं.

१७ सप्टें.
शिकवणं कायचं, छळ आहे. पातळ गोंद फटीत शिरते, जाड गोंद फट भरते. मी उलटं केलं. बोटं चिकटली ते वेगळंच. "मीठ-साखर त ओळखतेस ना?" माहेरी निघून जावं वाटलं. पण हे दुपारभर खुर्चीत बसले. लकव्यानंतर पहिल्यांदा.

२२ सप्टें.
पंखावर लाल प्लास्टिकची फिल्म चढवली, इस्त्रीनं चिकटते ती. इस्त्री आधी फालतू तुकड्यावर पाहायची, मंग पंखावर. जास्त तापली की पंख पिळतो. जन्मभर साड्यायले इस्त्री केली मी, मले सांगून राह्यले! पंख पिळला. पुन्हा तापवून उलटा पीळ दिला, एक टोक यायनं डाव्या हातानं धरलं. सरळ होईस्तोवर सोडलं नाई.
जेवताना म्हणाले, "हे पडलं त दुसरं होणार नाई. माहा हात कुठं आहे?" मी वरण वाढलं. विमान पडलं त हा माणूस पुन्हा भिंतीकडं वळते, अन् मंग मी काय सांगून उठवू?

२८ सप्टें., रविवार
विमानाचा तोल पाह्यला. पंखाखाली दोन बोटं, पुढच्या काठापासून तिसऱ्या हिश्शावर. नाक थोडंसं खाली पाहिजे. आमची शेपटी खाली. नाकात शिसं चिकटवलं. शेपटी जड राह्यली त वर गेल्यावर कोणाच्या बापाचं ऐकत नाई म्हणे.
उडवणार कोण? रिमोटले दोन स्टिका. डावी स्पीडची, तिथं यायचा डावा अंगठा चालते. उजवी वर-खाली अन् कलायची. ती माही. एका रिमोटले दोन माणसं, असं कोणी पाह्यलं का? कॉम्प्युटरवर सराव केला. सारखं पाडलं. "खेचते काऊन? भाकर उलटून राह्यली का?"

२ ऑक्टो., दसरा
शिलाई मशीन, सायकल, पाने-पेचकस, सगळ्यायची पूजा. विमानाचीही. हे नको म्हणून राह्यलते, कुंकवाचा डाग पडते. म्हटलं, अठरा दिवस तुमचं ऐकून राह्यली, आज माह्यं. झाकण उघडून आतल्या मशिनीवरही अक्षता टाकल्या. मनात काय मागितलं ते लिहीत नाई.

५ ऑक्टो., रविवार
शेजारच्या देवाजीभाऊचं सोयाबीन निघालं, वावर मोकळं. आज फक्त जमिनीवर पळवायचं होतं. आधी तपासणी, ती विमानाच्या मागं उभं राहून. समोरून पाह्यलं की डावं-उजवं उलटं दिसते. शेपटीची पट्टी वर गेली. खाली मात्र अर्ध्यातच अडकली, कर्र आवाज. ती हलवणारी लहानी मोटर, सर्वो, गेली म्हणाले. तुह्या गोंदानं गेली. मी म्हटलं, तुमचा भंगार माल. वावरात भांडलो. देवाजीभाऊ विळा हातात घेऊन पाहत राह्यले.
घरी आलो. हे भिंतीकडं.

६ ऑक्टो.
एकटीनंच पोट उघडलं. सर्वोच्या दांडीखाली एक तांदूळ. कुंकवानं लाल.
न तपासता उडवलं असतं त वर गेलेल्या विमानाची मान खाली झालीच नसती. माह्याच हातची अक्षता. फेकून द्यावी वाटलं, कोण पाहते? पण सर्वो गेली समजून हे अजून चार दिवस उठले नसते. तळहातावर दाणा घेऊन गेली, सांगितलं. त्यायनं दाणा डाव्या चिमटीत धरून पाह्यला, मंग हसले. तोंडाची उजवी बाजू हसत नाई, तरी हसले. मले रडू आलं.
लगेच हुकूम. विमान उलटं करून झटक. बिजागरी एकेक ओढून पाह्य. पुढच्या दसऱ्याले झाकण बंद ठेवजो.
पुढच्या दसऱ्याले म्हणाले.

१२ ऑक्टो., रविवार, सकाळ
वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून लिहून राह्यली.
आज उडवायचं. वारा नाई. बॅटरी अंगणात फरशीवर चार्ज केली, नजरेसमोर. देवाजीभाऊनं विमान मागून धरलं, प्रोपेलरसमोर कोणी नाई. रिमोट घेऊन आम्ही पार पलीकडच्या बांधापर्यंत गेलो, शेपटी तिथूनही हलली. वर, खाली, पूर्ण.
आता हे खुर्चीवर दम घेऊन राह्यले. उभं राहायचं कसं तेही ठरलं. रिमोट माह्या गळ्यात, हे मागून मले टेकून, डाव्या बाजूनं हात. देवाजीभाऊसमोर लाज वाटते, पण इलाज नाई.
मघा तसं उभं राहून पाह्यलं. त्यायनं डाव्या हातानं आपलाच उजवा हात उचलला अन् रिमोटखाली ठेवला. म्हटलं, पडन तो. बोटं हळूहळू वळली. धरलं म्हणता येत नाई, पण खालून टेका लागला मले. मी रिमोट तसाच धरून राह्यली, हलली असती त सोडला असता.
विमान तिकडं लाल दिसून राह्यलं. पडलं त...
उठले. बोलावून राह्यले.
"वही ठेव. अंगठा आण."