चुन्याखालची ओळ

मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४
चर्चला टाइल लावणार म्हणे! न्हाणीघर आहे का ते? वेदीमागची भिंत ओल धरते, पोपडे पडतात, म्हणून शिरसाठ वडिलांनी ठरवलं. वडील म्हणजे मंडळीचा कारभारी — तसा माझ्याहून चार वर्षांनी लहान. सोमवारी, एकोणीसला, गवंडी येणार.
त्या चुन्याखाली माझ्या सुनीलचं चित्र आहे.

बुधवार, ७
पोपडा पडून चित्रातला एक हात चुन्यातून वर आलाय. प्रार्थनेला डोळे मिटले तरी दिसतो.

शुक्रवार, ९
लिहून टाकते. इथं कोण वाचतंय!
सुनील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवायचा. नऊ वर्षांखाली त्यानं भिंतीवर येशू काढला. प्रवरेच्या काठाला, तीन दगडांच्या चुलीवर मासे भाजतोय. डोक्याला मुंडासं, उकिडवा बसलेला. झालं! शिरसाठ म्हणाला, "देव उकिडवा बसतो व्हय? चर्च हाय का ऊसतोड्यांची पाचटाची कोपी?" मग काय, शिरसाठाची खुर्ची द्यायची होती देवाला? — पण हे आज सुचतंय. तेव्हा गप होते.
शनिवारी सुनीलनं खाली एक ओळ लिहिली. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. शिरसाठला विचारलं. "लिवलंय, ही मंडळी ढोंगी हाय." माझं डोकंच फिरलं. महिला मंडळाची अध्यक्ष ना मी! रविवारी लोक यायच्या आत बादली आणली आणि माझ्या हातानं चुना फासला.
सुनील दारात उभा. "आई, झालं का?" एवढंच. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. दोन वर्षांखाली काविळीनं गेला, तेव्हा चौघांनी उचलून आणला.

रविवार, ११
उपासना झाल्यावर निकिता उभी राहिली. सुनीलची पोर. "माझ्या पप्पांच्या हातात देवानं कला दिली होती, ती तुम्ही पुसली. आता टाइल तरी लावू नका."
शिरसाठ म्हणाला, "गाणाऱ्याला माईक देतो, वाजवणाऱ्याला तबला देतो. रंगाऱ्याचं मंडळीत काय काम?"
"आजी, तू बोल की! तुझं ऐकतात."
तिला वाटतं चुना शिरसाठानं मारला. मी खाली वाकून चपला शोधत बसले.

सोमवार, १२
आज चुन्यातून डोळा निघाला. कुणाकडं बघतो ते मला ठाऊक आहे.

गुरुवार, १५
चर्च झाडायची पाळी माझी होती. दार लोटून घेतलं, उलथन्यानं खालचा चुना खरवडला. सुनील गेल्यावर निकितानं मला अक्षरं शिकवली, बायबल वाचता यावं म्हणून. बोट लावून वाचलं. तीनदा वाचलं.
"या. बसा. भाकर गरम हाय."
ढोंगी कुठंच नाही!


शनिवार, १७
शिरसाठाच्या दारात गेले. आत ये म्हणाला, नाही गेले. विचारलं, तेव्हा भिंतीवर काय वाचलंस रे? आधी चष्मा पुसत बसला. मग — "बनुबाई, चष्मा घरी राहिला हुता. पोराचा राग आल्ता. वाटलं, असंच कायतरी लिवलं आसंल."
अंदाजानं!
त्याला बजावून आले — उद्या त्यानं चष्मा लावून भर मंडळीत ती ओळ वाचायची. चुना कोणी मारला, असं निकिता विचारणारच. तेव्हा त्यानं तोंड उघडायचं नाही, दुसऱ्या कुणीही नाही. उत्तर मी द्यायचं.