एलदियारचा गुडघा

बिश्केक, मंगळवार

उल्कान, माझे बाई,

तुझ्या लेकाचा, एलदियारचा, गुडघा सुधारतो आहे, तेव्हा आधी शांतपणे चहा घे. सूज उतरली. उपचार करणारी गुलझात त्याला रोज एका पायावर उभं करते, रबरी पट्टा ओढायला लावते. "हे बायकांचे व्यायाम!" म्हणून तो कुरकुरला, तर म्हणाली, "मग पुरुषासारखे दहा जास्त कर." मांडीत जोर येईपर्यंत, म्हणजे दोन महिने, घोडा बंद.

घोड्यावरून खेळायच्या त्या कोकबोरूच्या त्याच्या संघाच्या कप्तानाला हे पटत नाही. मला फोनवर सांगतो, "आपा, मेंढीच्या ताज्या कातड्यात पाय गुंडाळू, रविवारी खेळेल." मूर्ख कुठला! आता तो मेंढी घेऊन तुझी परवानगी मागायला तुझ्याकडे नारीनला येईल. त्याला दार उघडू नकोस.

तुझी पाठ कशी आहे?

आपल्या सुयुनदादाचाही गुडघा असाच गुंडाळला होता. तिसऱ्या दिवशी तो खेळायला उतरला, पायाची पकड सुटली आणि तो खुरांखाली गेला. एलदियार व्यायाम करताना कण्हतो, तेव्हा मला दादा ऐकू येतो.

गुंडाळताना तो ओरडत होता, "सोडा गं, दुखतंय!" उल्कान, ते कातडं दाबून धरणाऱ्या आपण दोघी हसत होतो.

तुझी ताई,
बुरुल