छत्रीवाल्याच्या दुपारी

कोपरखैरणे,
सोमवार, दुपार

सौ. वैजयंतीस प्रेमलाचा अगदी मनापासून नमस्कार,

तुझ्या गुडघ्यांनी आणि रहिमतपूरच्या थंडीनं एकमेकांशी जमवून घेतलं असेल, असं धरून चालते. आम्ही इकडं ठीक आहोत. ह्यांची साखर ताब्यात आहे (हे नाहीत), यशराज रबाळ्याच्या कंपनीत आहे तिथंच आहे, आणि सूनबाई मोनाली अजून मला अहो-आई म्हणते, म्हणजे सगळं सुरळीत आहे. फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तुला हल्ली फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडून बोलावं लागतं, आणि जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

तुला तो छत्रीवाला आठवतो का? नाही आठवत म्हणालीस तर मी विश्वास ठेवणार नाही. नव्याण्णव साल, सेक्टर सातची आपली खोली, यशराजची दहावी. त्याचा तो व्हिडिओ गेम ह्यांनी परीक्षेपायी कपाटात कुलूप लावून ठेवला होता आणि किल्ली माझ्याकडं दिली होती (चोराच्या हाती). साडेबाराला यशराज क्लासला गेला की तू लाटणं मागायच्या निमित्तानं यायचीस. मग कॅसेटीला फुंकर, पडदे बंद, आवाज एकदम बारीक, आणि तो बोटाएवढा माणूस छत्री घेऊन उजवीकडं चालायला लागायचा. खड्डा आला की उडी, साप आला की उडी, दरी आली की छत्री उघडून तरंगत पलीकडं. कुठं जातो, कशाला जातो, कुणालाच माहीत नव्हतं. शेवटी एक दिवा लागलेलं घर आहे, असं कॅसेटीवरच्या चित्रात होतं, तेवढंच.

खरं सांगू, मी त्या दिवसांत जागी नव्हतेच. हात भाकरी थापत असायचे आणि मी सातव्या टप्प्यावर असायचे. तिथं जमीन नाही, नुसतं पाणी आणि वरून सावकाश जाणारे ढग, आणि ते संथ गाणं. वाशीच्या पुलावरून बस जायला लागली की मला वाटायचं बस जागेवरच उभी आहे, खाडीच मागं सरकतेय. एकदा तर बाजारात साचलेल्या पाण्यावरून मी अशी काही तरंगत उडी मारली की कांदेवाल्यानं उभं राहून बघितलं. (छत्री हातात होती. उघडली होती. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता.)

आता त्या दुपारींचा जो भाग आपण दोघी कधी बोललो नाही, तो लिहिते. अडीचला तू जायचीस, पावणेतीनला यशराज यायचा, जेवायचा आणि टीव्हीसमोरच चटई टाकून झोपायचा. तीनला हे वाशी मार्केटातून यायचे आणि पहिला हात टीव्हीच्या पाठीवर ठेवायचे, ताप बघावा तसा. पाठ गरम आणि पोरगा टीव्हीपुढं. हे त्याला फार बोलले गं. तो म्हणायचा, मी झोपलो होतो. हे म्हणायचे, सोंग करतोस, आईची किल्ली उचलून खेळतोस. मी आतून म्हणायचे, नसेल हो खेळला, आणि भांडी जरा जास्त वाजवायचे. शेवटी ह्यांनी गेम उचलून मार्केटातल्या एका हमालाला देऊन टाकला. त्या संध्याकाळी यशराज माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, मी झोपेत उठून खेळतो का गं?"

आणि मी म्हणाले, "असेल बाबा. अभ्यासाचं टेन्शन असतं."

एवढंच. पुढं त्याला एकाहत्तर टक्के पडले, तू गावी गेलीस, मला वाटलं मिटलं.

तर काल रविवारी यशराज एक खोकं घेऊन आला. गेम बनवणारे म्हणे तोच गेम दर काही वर्षांनी परत काढतात. मधे एकदा रंग भडक करून काढला, मग मोबाईलसाठी काढला, आता जुन्यासारखाच ठेवून छोट्या डबीत घालून काढलाय. लोणचं तेच, बरणी नवी. यशराज मोनालीला म्हणाला, बघ, लहानपणी मी यात मास्टर होतो. मास्टर दुसऱ्या टप्प्यात सात वेळा मेला. मी मेथी निवडत बसले होते. ते गाणं सुरू झालं आणि वैजू, मी परत त्या बंद पडद्यांच्या खोलीत गेले, माझ्या हातात मेथी आहे हेही विसरले. तो आठव्यांदा त्याच भिंतीशी आला आणि माझ्या तोंडून गेलं, "तिसऱ्या विटेखाली छत्री उघड. वर ओढून घेईल."

त्यानं उघडली. छत्रीवाला सरसर वर ढगांत गेला. यशराज वळून म्हणाला, "आई, तुला कसं माहीत?"

मी म्हणाले, टीव्हीवर सांगत होते. पण तेवढ्यात मोनालीनं जे विचारलं त्यानं निवडलेली मेथी मी देठांत टाकली. ती म्हणाली, अहो आई, म्हणजे हे झोपेत खेळायचे तो हाच गेम का? तुम्ही बघितलंत? मला कळेना. मग ती सांगत गेली. लग्नाआधीच यशराजनं तिला प्रामाणिकपणे सांगितलं होतं म्हणे, मला झोपेत चालायची सवय आहे. म्हणून दहा वर्षं ती बेडरूमच्या दाराला घुंगरू बांधते. मी आजवर समजत होते दृष्टीसाठी आहे. आणि त्याच्या लग्नाच्या वेळी घेणार होतो तो घणसोलीचा पंधराव्या मजल्यावरचा फ्लॅट, जिथून खाडी दिसत होती, आठवतो? वारा फार आहे म्हणून सोडला, असं आम्हाला सांगितलं होतं. सोडला तो झोपेत गॅलरीतून पडेन या भीतीनं. आणि आम्ही सगळे दहा वर्षं या तळमजल्यावर नाल्याचे डास मारतोय.

मग मला राहवलं नाही. मेथी बाजूला ठेवली आणि किल्ली, पडदे, दुपारी, टीव्हीची गरम पाठ, सगळं सांगून टाकलं. यशराज ऐकत राहिला. मागं छत्रीवाला ढगावर तसाच उभा. शेवटी यशराज एवढंच म्हणाला, "म्हणजे मी कधी झोपेत चाललोच नाही?" मी मान हलवली. तो माझ्याकडं बराच वेळ बघत होता. त्याला माझं ते 'असेल बाबा' आठवत होतं, मला दिसत होतं, पण त्यानं ते काढलं नाही. उठला, घुंगरू सोडलं आणि मोनालीच्या हातात दिलं.

हे इतका वेळ पेपरामागं होते. तुला तर ह्यांचा स्वभाव माहीत, पन्नास वर्षांत कुणाला माझं चुकलं म्हणाले नाहीत. पेपर खाली ठेवून म्हणाले, "तू खरं बोलत होतास." आणि परत पेपर वर. उलटा धरला होता. त्या दुपारी यशराज दार सताड उघडं टाकून झोपला. मी दोनदा जाऊन बघून आले. हललाही नाही गं.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. पत्र वाचून फाडून टाक.

तुझी,
प्रेमला

ता. क. वर 'सगळं सांगून टाकलं' असं लिहिलंय, त्यात थोडी दुरुस्ती. मी म्हणाले, खेळायची ती वैजूमावशी. मी नुसती शेजारी बसून मटार सोलायचे आणि मैत्रिणीचं नाव सांगवेना म्हणून गप्प राहिले. तोंडातून निघून गेलं. तू लांब राहतेस, मला याच घरात राहायचंय. यशराज गुरुवारी तुला फोन करणार आहे. हो म्हण.

ता. क. दोन. तो रागावलेला नाही, घाबरू नकोस. त्याला फक्त सातवा टप्पा कसा ओलांडायचा ते विचारायचंय. तू तिसऱ्याच्या पुढं कधी गेली नाहीस, म्हणून लिहून देते: पहिले दोन ढग जाऊ द्यायचे, छत्री मिटलेलीच ठेवायची, पाण्याकडं बघायचं नाही, तिसरा ढग पायाशी आला की नुसतं पाऊल टाकायचं. उडी नाही. चष्मा लावून चार वेळा वाच, आणि सांगताना अडखळत, आठवत आठवत सांग. घडाघडा बोललीस तर त्याला कळेल.