त्यानं आधी अर्ज दिला

बाबा, इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या आमच्या घरात तुम्ही एकदाच राहिलात, तीन आठवडे. घरावर आम्हा दोघांच्या नावानं कर्ज आहे हे कळल्यावर तुम्ही किचनमध्ये आलात आणि कणीक मळणाऱ्या मला म्हणालात, "सही करण्याआधी कागद वाचलेस का?" मी हसले. मामलेदार कचेरीत जन्म गेलेला माणूस दुसरं काय विचारणार, असं वाटलं.

तुम्ही कायमचे गेलात आणि तीन वर्षांनी, दोन हजार नऊ साली, मंदीत माझ्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट गेलं. माझ्या एकटीच्या पगारात हप्ता बसेना आणि घराची किंमत कर्जाच्याही खाली उतरली. कर्जाबाबत सल्ला देणाऱ्या बाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं, "बँक तोट्यातल्या विक्रीला तयार आहे. आधी घर विका, मग उरलेल्या कर्जासाठी दोघं एकदमच दिवाळखोरीचा अर्ज करा. मध्येच एकानं केला तर विक्री अडकेल आणि उरलेलं सगळं दुसऱ्याच्या गळ्यात पडेल." बाहेर पडताना तो म्हणाला, "बरोबरच जाऊ." गिऱ्हाईक मिळालं, तारीखही ठरली.

आणि त्या मंगळवारी मी ऑफिसात डबा उघडते तोच घरविक्रीचं काम बघणाऱ्या सॉलिसिटरचा फोन येतो. "तुमचे मिस्टर काल कोर्टात दिवाळखोर जाहीर झालेत. तुम्हाला कल्पना होती ना?" मी हो म्हणते. का म्हणते, मला आजही सांगता येणार नाही. मग डब्याचं झाकण लावते, पुन्हा उघडते, पुन्हा लावते.

घरी आले तर तो मागे कपडे वाळत घालत होता. "वसुलीवाले दिवसभर फोन करायचे गं, धीर सुटला माझा," तो म्हणाला. "तुला नोकरी तरी आहे." बादलीतले उरलेले कपडे मी वाळत घातले.

गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. बँकेनं घर ताब्यात घेऊन आणखी स्वस्तात विकलं, आणि तूट मी एकटीनं कितीतरी वर्षं फेडली. आम्ही अजून एकत्र आहोत, हॅरोला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. ओळखीचे मला सोशीक म्हणतात. भांडणात मी तो सोमवार काढते आणि तो मान खाली घालतो.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? पण त्याला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. त्याच्या आदल्याच शुक्रवारी मी रजा काढून त्या सल्लागार बाईंकडे एकटी गेले होते. मी आधी अर्ज दिला तर काय होईल, एवढंच विचारलं. फॉर्म आणला, सगळा भरला, सहीसुद्धा केली. त्याच सोमवारी कोर्टात जाणार होते. ऐनवेळी ऑफिसात मीटिंग लागली, म्हणून राहिलं.