लाल जर्सीतला भाऊ

घोडपदेव, मुंबई
जानेवारी २०००

प्रिय दादा,

कार्डिफहून परत येऊन दोन महिने होऊन गेले आणि मी तुला साधं पोचल्याचंही कळवलं नाही. मेगनवहिनीने फोन करून विचारलं, सुनेत्राचं काही बिनसलंय का? मी म्हटलं, शाळेत परीक्षा आहेत, म्युनिसिपालिटीच्या शाळेत बाईंना श्वास घ्यायला वेळ नसतो. परीक्षा होत्याच. पण पत्र न लिहिण्याचं कारण ते नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. त्या वेळी तू मागच्या खोलीत बसून तिचं बोलणं ऐकत असशील, असंही मला वाटलं.

तू बोलावलं होतंस ते खरं तर आईला. ‘रग्बीचा वर्ल्ड कप आपल्या गावात भरतोय, आईला दाखवतो,’ असं तू लिहिलं होतंस. आपल्या गावात! आईने ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाली, ‘त्याला माझं तोंड बघायचं आसंल तर त्यानं यावं. रस्ता काय बदलला न्हाई.’ मग तू मला बोलावलंस आणि मी आले. रग्बी म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. सोळा वर्षांत माझा भाऊ कसा झालाय, एवढंच बघायचं होतं.

आणि पहिले काही दिवस, दादा, मी खरंच खूष होते. विमानतळावर तू मला पाहून लहान पोरासारखा रडलास. दुसऱ्याच दिवशी मला तुझ्यासारखीच लाल जर्सी घातलीस, पंजाबी ड्रेसवर. नदीकाठचं ते नवंकोरं स्टेडियम, वर सरकणारं छप्पर, आणि सत्तर हजार माणसं एका सुरात गाताहेत. वेल्सचा अर्जेंटिनाशी पहिला सामना होता. तो लांबट चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण सोबत्याला द्यायचा तो मागेच, हे तू मला मिठाच्या डबीने टेबलावर समजावून सांगितलंस. पुढे सामोआकडून वेल्स हरलं आणि ऑस्ट्रेलियाने स्पर्धेबाहेर काढलं त्या संध्याकाळी तर तू जेवला नाहीस. वहिनी हसत होती. मी मात्र तुझ्याकडे बघत बसले होते. कुणाच्या तरी हरण्याने तुझा घास अडतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

कारण मला आठवत होतं ब्याऐंशी सालचं आपलं घर. गिरण्यांच्या संपाला सहा-सात महिने झाले होते, खानावळी बंद पडल्या होत्या, चाळीतली अर्धी बिऱ्हाडं गावाला निघून गेली होती. आबा सूतखात्यात, गेटवर रोज हजर. आणि एक दिवस तू पोलिसांच्या जाळीच्या गाडीत बसून मागच्या गेटाने आत गेलास. कंपनीने तुला लूमवर, कापड विणायला घेतलं होतं. आबांना उभ्या हयातीत ज्या खात्यात पाय टाकू दिला नव्हता, कारण धोट्यातून तोंडाने धागा ओढावा लागतो आणि आपल्या जातीचं तोंड लागलेलं इतरांना चालत नव्हतं, त्या लूमखात्यात. तू घरी येऊन ते सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा फुलला होता. आबा एवढंच म्हणाले, ‘जागा मिळाली रं, पण ती कुणाची हाय ते बघ.’ दुसऱ्या दिवशी चाळीतल्या बायकांनी आपल्या उंबऱ्यावर बांगड्या आणून ठेवल्या. आईने त्या पदरात गोळा केल्या.

तेव्हापासून आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन स्टो पेटायला लागले. एकावर तुझ्या पगारातला भात. दुसऱ्यावर, तुझ्या पगाराचं न खाणाऱ्या आबांसाठी, भाऊच्या धक्क्यावरच्या तुळसा कोळणीने दिलेलं काहीबाही, कधी मांदेलीचं पाणीदार कालवण, कधी नुसती पेज. मी तुझ्या भाताला बसायचे. मी पंधरा वर्षांची होते, भूक लागायची. म्हणून त्या गेटातून आत गेल्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही, आजही लावत नाही. तुझ्याच भातावर मी मॅट्रिक झाले. पुढच्या वर्षी मिलच्या एका साहेबाने तुला जहाजावर चिकटवलं आणि तू गेलास, तेव्हा भाऊच्या धक्क्याच्या बाजूने कितीतरी वेळ मी समुद्र बघत उभी होते.

आता बसमधलं सांगते. वेल्स बाहेर पडलं होतं, तरी तुमच्या क्लबाने सेमीफायनलची तिकिटं आधीच काढलेली, म्हणून आपण सगळे लंडनला निघालो. तू मागच्या बाकांवर दोस्तांसोबत गात होतास आणि माझ्या शेजारी तुझा एमलिन बसला होता. साठीचा माणूस, खाणीत काम करून छातीत घरघर, बोलताना मध्येच थांबणारा. त्याने थर्मासमधला चहा मला दिला आणि म्हणाला, तुझ्या वडिलांबद्दल फार आदर आहे आमच्या सगळ्यांना. मला वाटलं, तू आबांच्या संपाबद्दल काही सांगितलं असशील. बरं वाटलं मला. मग तो सांगू लागला. चौऱ्याऐंशी साली त्यांचा, खाणकामगारांचा संप चालू असताना तू गोदीतून त्यांच्या खोऱ्यात आलास, संपकऱ्यांच्या स्वयंपाकघरात महिनोन् महिने बटाटे सोललेस, त्यांनी तुला घर दिलं, पुढे काम दिलं. कारण तू त्यांना सांगितलं होतंस की मुंबईत मिलच्या गेटवर पोलिसांनी तुझ्या बापाला गोळी घातली, आणि तू संपाचा पुढारी म्हणून तुला देश सोडावा लागला.

दादा, चहा माझ्या हातातच राहिला. एमलिनला वाटलं मला रडू येतंय, तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, माझा सख्खा भाऊ संप मोडून कामावर गेला. आमच्याच गल्लीत राहतो. आमची आई वारली तेव्हा तिच्या शवपेटीला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी खांदा दिला, पण बोललो नाही. एक भाऊ संपात गेला आणि त्याच संपात एक मिळाला, तो रामदास. आणि मागे तू गात होतास.

लंडनच्या ट्विकनहॅम स्टेडियमवर मध्यंतरात मी तुला जिन्याखाली गाठलं. तुझ्या हातात चिप्सचा पुडा होता. मी विचारलं, आबांना कधी गोळी लागली रे? तुझा चेहरा बघवत नव्हता. आधी म्हणालास, हळू बोल. मग म्हणालास, ‘सुने, इथे मला माणसं आहेत. तिथे माझ्या दारात बांगड्या होत्या.’ आणि मग ते वाक्य, ‘आबांना मी मेलोच होतो ना, मग मला ते मेले तर काय बिघडलं?’ मी उत्तर देणार तोच वर आरडाओरडा झाला, खेळ सुरू झाला होता, आणि तू पळालास. सगळ्यांनी जिंकणार म्हणून ठरवलेलं न्यूझीलंड त्या दिवशी फ्रान्सकडून हरलं. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, तूही कुणाला तरी उचलून घेतलंस. एवढ्या मोठ्या गर्दीत बसून राहिलेली मी एकटीच असेन. नंतरचे दिवस तू माझ्यासोबत एकटा राहिलाच नाहीस. विमानतळावरसुद्धा एमलिनला मध्ये ठेवलंस.

म्हणून ते उत्तर आता लिहिते. ज्या वर्षी तू आबांना गोळी घातलीस, त्या वर्षी ते भाऊच्या धक्क्यावर तुळसाच्या ओळखीने बर्फाच्या पाट्या वाहत होते. मिलने परत घेतलं नाही, पंचावन्नाव्या वर्षी दुसरं काम कोण देणार? खांद्याची कातडी गार पडून काळी झाली होती, आई रात्री तेल कोमट करून लावायची. नऊ वर्षं त्यांनी बर्फ वाहिला. तुझं नाव त्यांनी घेतलं नाही हे खरं. पण शेवटच्या आजारपणात एकदा मला जवळ बोलावून विचारलं, ‘तिकडं थंडी लई आसती म्हणत्यात. त्याला सोसती का गं?’ त्र्याण्णव साली गेले तेव्हा तुला तार केली होती. तू आला नाहीस. रजा मिळाली नाही, असं कळवलंस. आता कळलं, रजा मागणार कुठल्या तोंडाने? तिथे तर तुझा बाप कधीच मेला होता. त्या बटाट्यांमागे तुझं काही प्रायश्चित्त असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ते तू आबांचा मुडदा पाडून केलंस.

हे सगळं मी पोटात ठेवलं असतं, मेगनवहिनीला खोटं सांगत राहिले असते. पण परवा एमलिनचा फोन आला. बसमधून उतरताना मी रीत म्हणून त्याला घरी या म्हटलं होतं, ते त्याने मनावर घेतलंय. फेब्रुवारीत तो आणि त्याच्या खाणीतले दोन जुने सोबती मुंबईला येताहेत. तुला सांगू नको म्हणाला, रामदासला चकित करायचंय, तिथली माती आणून द्यायचीय. ज्या गेटवर आपला बाप पडला तिथे त्यांना फुलं वाहायची आहेत आणि मग आपल्या खोलीत येऊन आईच्या पाया पडायचंय. आईला मी एवढंच सांगितलं की रामूचे दोस्त येणार आहेत. ती हरखून गेलीय, त्यांना आबांचं सगळं सांगायचं म्हणते. संपाचं, बर्फाचं, दोन स्टोचं. तिला गप्प बस म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. ती आपल्या बोलीत सांगेल आणि ते इंग्रजीत करून द्यायला मध्ये मी बसेन. फेब्रुवारीला अजून अवकाश आहे. एमलिनचं घर तुझ्यापासून लांब नाही. तू स्वतः जाऊन सांगितलंस तर तो कदाचित तुला दारातून हाकलून देईल, तुझ्याशी पुन्हा बोलणारही नाही, त्याच्या भावासारखंच. पण तू गेला नाहीस, तर आई जे बोलेल त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही.

तुझीच,
सुनेत्रा