आईला विमान नको

२४ एप्रिल, गुरुवार. अल्माटी

आई बसली! विमानात नाही — विमानतळाच्या बाकावर. मांडी घालून. मुंबईहून आलेल्या विमानातून उतरलो, दुसऱ्या विमानात चढायचं होतं, तर ही म्हणते, "मना परत वर नको नेऊ. जमिनीवरनं न्यायचं तं न्या, नाय तं इथंच ठेवा."

दादाला फोन लावला. तो कझाकस्तानच्या पार दुसऱ्या टोकाला, अक्ताऊला, तेलाच्या कामावर वेल्डर आहे. आम्ही त्याच्याकडेच चाललोय. तो किंचाळलाच. "आई, तीन हजार किलोमीटरच्या वर हाय! ही काय रेवदंडा-अलिबाग रिक्षा हाय?" आई ढिम्म. मी हातापाया पडले. तिन्ही तिकिटं वाया जातील म्हटलं! ढिम्म.

आणि बाबांचा चेहरा? दिवाळी! तीस वर्षं ट्रक चालवला, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर विकला, तेव्हापासून घरात नुसती खुर्ची इकडून तिकडे सरकवतात. हळूच खिशातून परदेशात चालणारं लायसन काढलं. म्हणे, "असावं आपलं, म्हनून काडून ठेवलंवतं." कधी काढलं? कोणाला विचारून? आईने काही विचारलंही नाही. नवल आहे!

खरं सांगायचं तर विमानात ती इतकी काही घाबरलेली वाटली नाही मला. डोळे मिटून बसली होती, पण जेवण आल्यावर उघडले. स्वतःचा ट्रे संपवला, मग बाबांचा.

रात्री, हॉटेल

झोप येत नाहीये म्हणून लिहिते. आपण कशासाठी आलोय ते नीट लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर ही नुसती सहल वाटेल.

दादाला इथली मुलगी आवडलीय. आयगेरीम. लग्न करायचंय. पण म्हणतो, आई हो म्हणाली तरच. आई सहा महिने हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. विषय निघाला की कोळंबी सोलायला बसते. बाबा म्हणाले, चला, जाऊन मुलगी बघून तरी येऊ. तेव्हा "चला" म्हणाली. बस्स, तेवढंच.

इथली रीत अशी की मुलाच्या आईने मुलीच्या कानात स्वतःच्या हाताने कानातलं घालायचं. घातलं की ठरलं. दादाने हे आईला फोनवर दोनदा सांगितलंय. म्हणून आत्ता, ती घोरत असताना, मी तिची बॅग उघडून बघितली. (हो, बघितली! कोणाला सांगतेय मी?) सुके बोंबील, जवळा, तांदळाचं पीठ, थोडे तांदूळ, आणि आमच्या माडाचा एक नारळ. कानातलं नाही. डबी नाही, पुडी नाही, काही नाही.

नारळ कशाला हे मी निघतानाच विचारलं होतं. "तिकरं समुद्र हाय ना? पैल्यांदा भेटायचं तं रिकाम्या हातानं जाऊ?" असं उत्तर मिळालं. मला मात्र वाटतंय की नारळ ओटीचा असेल. देवा, ओटीचाच असू दे!

२५ एप्रिल, शुक्रवार

अरे देवा. अरे देवा. अरे देवा!

दादाच्या मित्राने व्हॅन ठरवून दिली. पांढरी, मोठी, स्टिअरिंग उलट्या बाजूला. मी चहा आणायला गेले. परत आले तर गाडीचा मालक दोन्ही हात डोक्याला लावून ओरडतोय आणि बाबा पुढच्या चाकासमोर उकिडवे. नारळ फोडला! तोच नारळ! बाबांनी आयुष्यात कधी नारळ फोडल्याशिवाय लांबची गाडी हलवलेली नाही. बॅगेत नारळ दिसला, हाताने आपोआप उचलला. मालकाला वाटलं, हा माणूस बंपर फोडतोय.

मी बाबांवर इतकी चिडले की रस्त्यातच ओरडले. बाबा खरोखर लहान पोरासारखे उभे राहिले. "गारी नवीन हाय गो आपल्याला…"

आई बघत राहिली. मला वाटलं आता म्हणणार, अपशकुन झाला, परत चला. ती वाकली, दोन्ही भकलं उचलली, पदराला पुसली. "झाला ना फोरून? मंग निघा. आनि हलू चालवा."

आता खोबरं डॅशबोर्डवर उन्हात वाळतंय. ओटीचं स्वप्न पण तिथेच वाळतंय.

२६ एप्रिल

इथे उजवीकडून गाडी चालवतात! बाबा प्रत्येक वळणाला डावीकडे जातात आणि मी "उजवीकडे! उजवीकडे!" ओरडते. सिग्नल द्यायला जातात आणि वायपर सुरू होतात. कडक ऊन, कोरडी काच, आणि वायपर खर्र खर्र. आई मागे हसून हसून आडवी. तिला इतकं हसताना मी कधी बघितलं होतं?

पोलिसाने थांबवलं. डावीकडून गेलो होतो, चूक आमचीच. बाबा उतरले, कागद दाखवले, नमस्कार केला आणि नारळाचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. तो वास घेतो, बघतो, परत वास घेतो. मग खाल्ला. मग बोटाने उजवी बाजू दाखवली, तीनदा, शाळेतल्या बाईंसारखी, आणि सोडलं. बाबा म्हणतात, "बग, फोरला तो कामाला आला ना?"

बाहेर माळ. नुसता माळ, आणि त्यात लाल फुलं, जिथवर नजर जाईल तिथवर. घोडे मोकळे. मी खिडकीतून डोकं काढून आरडाओरडा केला. कोण ऐकतंय इथे!

२७ एप्रिल, श्यिम्केंत

नारळशोध मोहीम. बाजारभर फिरले. फोनवर चित्र दाखवते, सगळे मान हलवतात. एका आजोबांनी टरबूज दिलं. एका बाईने नारळाची बिस्किटं. बिस्किटांनी ओटी भरतात का? आईला विचारायची हिंमत नाही.

जेवताना बाबांनी सॉसेजसारखं काहीतरी दोनदा मागून घेतलं. मग कळलं, घोडा! आईने ताट लांब सरकवलं. "घोरा खाल्ला? उद्या गारीला तुमालाच जुपते." बाबा पाणी पीत राहिले. मग हळूच मला, "पन चव बरी व्हती."

२८ एप्रिल

आज दिवसभर उंट. रस्त्याच्या मधोमध. हॉर्न दिला तर वळून बघतात आणि तिथेच उभे.

२९ एप्रिल, अराल

एक गंमत लक्षात आली. मी दर तासाला विचारते, किती राहिलं? बाबा फोनमध्ये बघतात, किती राहिलं? आई एकदाही विचारत नाही. आज तर म्हणाली, डोकं गरगरतंय, उद्या इथंच राहू. गरगरणाऱ्या बाईने संध्याकाळी पाच भाकऱ्या थापल्या.

कुल्याश नावाच्या बाईंकडे उतरलोय. साठीच्या, आईएवढ्याच ठेंगण्या, सोन्याचा एक दात. गावाचं बंदर आहे, पण समुद्र नाही. होड्या कोरड्या जमिनीवर उभ्या. नद्यांचं पाणी शेतीला वळवलं आणि समुद्र आटत आटत लांब निघून गेला, असं फोनमधल्या भाषांतरवालीने सांगितलं. थोडा परत येतोय म्हणे आता. बाबांचं सगळं घराणं मिठागरात राबलेलं, ते जमिनीवरची पांढरी खपली जिभेला लावून बघत होते. मी आईकडे बघितलं तर डोळे भरलेले. "होरीखालचं पानी गेलं गो. मानसांनी काय करायचं?"

कुल्याशबाईंच्या अंगणात दोरीवर मासे वाळत होते. आईने आत जाऊन बोंबील आणले आणि त्यांच्या हातात ठेवले. मग दोघी चुलीपाशी. एक अक्षर एकमेकींचं कळत नाही आणि तोंड एक मिनिट बंद नाही! आई आगरीत, त्या कझाकमध्ये. मी फोन घेऊन भाषांतराला गेले तर आईने हाकललं. "तू जा, आमचं चाललंय."

३० एप्रिल

अजून अरालच. कुल्याशबाईंनी भिंतीवरचा फोटो दाखवला. मुलगा कोरियात कामाला, बायको तिकडचीच, कडेवर एक गुटगुटीत मुलगी. बाईंनी फोटोवरून हात फिरवला, मग लांब, लांब असा हात केला. मग छातीवर ठेवला. आई बराच वेळ फोटोसमोर उभी होती.

रात्री अंथरुणात मला म्हणाली, "हिचा बी लांबच हाय." एवढंच. पण सहा महिन्यांत या विषयावर तिच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य! मी श्वाससुद्धा घेतला नाही, न जाणो पुढे काही बोलेल. ती घोरायला लागली.

१ मे

निघताना कुल्याशबाईंनी आईच्या खांद्यावर शाल घातली. पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही म्हणे. आईने डॅशबोर्डवरचं खोबरं आणि मूठभर तांदूळ त्यांच्या ओंजळीत घातले. गाडीत बसल्यावर, "ओटीच हाय गो ही त्यांची," म्हणाली आणि शालीचा कोपरा चाचपत राहिली.

खोबऱ्याचे दोनच तुकडे राहिलेत. मी पहारा देतेय. बाबांनी एकाकडे नुसतं बघितलं तरी ओरडते.

२ मे

रस्ता नाही, खड्डे आहेत. बाबा खूश. "आपल्या हायवेची आठवन आली," म्हणाले.

३ मे, शनिवार. अक्ताऊ!

पोचलो!! दादा रस्त्यात धावत आला. जाडा झालाय. आईने त्याचा गाल ओढला, मग पाठीत धपाटा घातला. नेमका कशासाठी ते तिने सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

आयगेरीम त्याच्या मागे. उंच, केस मोकळे, भीतीने पांढरी फटक. पुढे आली आणि म्हणाली, "काय गो आई, बरी हाय ना? जेवलीस काय?"

आगरीत! दादाने शिकवलेलं! शाळेतलं मराठी एक अक्षर येत नाही तिला, थेट आमच्या पाड्यावरचं बोलते! बाबा हसता हसता व्हॅनला टेकले. मी तर नाचले. आईने मात्र तिला पायापासून केसांपर्यंत बघितलं. "बरी हाय," म्हणाली.

४ मे

सकाळी समुद्र. निळाशार. आईने विचारलं, ओहोटी कधी? आयगेरीमने सांगितलं, इथे भरती-ओहोटी नसतेच म्हटलं तरी चालेल. आईला पटेना. "नाय कशी? मंग शिंपल्या कवा येचायच्या?" बाबांनी ओंजळभर पाणी चाखलं आणि निकाल दिला, मीठ कमी. आयगेरीमने पण चाखलं, तसंच तोंड वाकडं करून. आई गालात हसली. मी बघितलं! नक्की हसली!

मग खोबऱ्याचा एक तुकडा पाण्यात सोडला. नमस्कार केला. दुसरा तुकडा पदराच्या गाठीत बांधला. कोणासाठी ते विचारायची माझी छाती झाली नाही.

उद्या मुलीच्या घरी जेवण. त्यांच्याकडची सगळी माणसं येणार. दादा रात्रभर येरझाऱ्या घालणार. कानातल्याची आईला आठवण करून देऊ का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नको रे बाबा. घेऊन यायचं असतं तर आणलं असतं. दुकानात जाऊन आपणच आणूया, असं तो म्हणाला. पण आईच्या मनातून न आलेलं कानातलं घालून काय करायचंय?

५ मे, सोमवार

हात अजून लोण्याचे आहेत. पानाला डाग पडतायत, पडू देत.

जेवण झालं. मोठं टेबल, पंधरावीस माणसं, चहावर चहा. मग सगळ्यांनी कप खाली ठेवले. मुलीची आई आमच्या आईकडे बघतेय, नजर खाली करतेय, परत बघतेय. दादा घामाघूम. आई उठली. आयगेरीमसमोर जाऊन उभी राहिली. आणि हात स्वतःच्या कानाला नेला.

कुड्या! आजीने तिच्या लग्नात तिच्या कानात घातलेल्या. मी जन्मल्यापासून त्या कानांतून निघालेल्या बघितल्या नाहीत. "तुझ्या लग्नात तुला," असं मला पाचव्या वर्षापासून सांगितलेलं. त्या!

आणि फिरकी निघेना! इतक्या वर्षांची रुतलेली. आई ओढतेय, आई गं करतेय. मी ओढली. दादाने ओढली, धपाटा खाल्ला. मग मुलीच्या आईने लोणी आणलं. मुलीच्या मावशीने कान धरला, मी फिरकी, बाबा विजेरी दाखवतायत, ट्रकचा नट काढत असल्यासारखे सूचना देतायत, "उलटी फिरव, उलटी!" सगळं घर हसतंय, आयगेरीम हसतेय आणि रडतेय. एक निघाली! टाळ्या! दुसरी निघाली! परत टाळ्या!

आईने त्या स्वतःच्या हाताने तिच्या कानात घातल्या. पदराची गाठ सोडून खोबरं तिच्या तोंडात दिलं. म्हणाली, "आता भांरायचं तं माज्याशी आगरीतच भांरायचं." झालं, भांडणाची भाषा पण ठरली!

मग माझ्याकडे बघितलं. मोकळ्या कानांनी ती कोणी वेगळीच बाई वाटत होती. "मृणाली, तुज्या व्हत्या." मी म्हटलं, होत्या तर होत्या. खरंच वाईट नाही वाटलं. बरं, थोडं वाटलं. मग मुलीच्या आईने मला मिठी मारली आणि दोघी लोण्याने माखलो.

७ मे, बुधवार. विमानात

व्हॅन इथल्या माणसाच्या ताब्यात दिली. बाबांनी बोनेटवर हात फिरवून निरोप घेतला. आता अल्माटीपर्यंत विमान, मग मुंबई. मी आईसाठी गोळी तयार ठेवली होती. तिने खिडकीची जागा मागितली! नाक काचेला लावून खालचा माळ बघत बसलीय. "तो बग आपला रस्ता!"

मी म्हटलं, आई, तुला विमानाची भीती वाटते ना?

"कसली भीती! तीन तासात पोचले असते तं नायच बोलले असते गो. मना जरा टाइम पायजे व्हता." मग पलीकडे घोरणाऱ्या बाबांकडे बघून, हळू आवाजात, "यांना नको सांगू. त्यांना वाटतंय, मी त्यांच्या गारीसाठी हट्ट केला."