जावयाच्या लॉनवरचे गोल

लोहारा, शनिवार

चिरंजीव इंद्रजितराव यांस वामनरावांचा आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत. सुरतेचं पाणी तुम्हाला मानवलं असेल, मंडपाचं कापड मनासारखं मिळालं असेल आणि आमच्या सुरभीचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो. (थांबला नसेल तर तिला ताक देऊ नका. ती मागेल.) फोन न करता पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे, कारण फोनवर माणूस मधेच बोलतो.

तुमचं लॉन सुखरूप आहे. म्हणजे आहे त्या जागी आहे.

जाताना तुम्ही म्हणालात, "मामाजी, फक्त लक्ष ठेवजा. गवत कापाच्या मशीनले हात नका लावजा." मी लावला नाही. आधी बसलो, हात नंतर लागले. त्यालाही कारण होतं. तुमचा माळी सेवादास तांड्यावर लग्नाला गेला तो गेलाच. गवत घोट्याला लागत होतं. आणि बाबूसिंगजी आज जागा पाहायला येणार होते. तुमचा हा पहिलाच हंगाम, त्यात त्यांच्या मुलीचं लग्न हे पहिलंच बुकिंग. एवढं गवत पाहिलं असतं तर त्यांनी लग्न उचलून दारव्हा रोडच्या लॉनवर नेलं असतं. मग तुम्ही सुरतेचं कापड कोणाच्या डोक्यावर ताणलं असतं? (सासऱ्याने वेचणीला आलेला कापूस सोडून इथे यायचं, ते काय नुसतं खुर्चीवर बसायला?)

यंत्राला स्टिअरिंग नाही हे पाहून मला बरं वाटलं. दोन बाजूंना दोन दांडे. जन्मभर कासरे धरलेल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं असतं? सोयाबीनमध्ये तण काढायला डवरा चालवताना शेताच्या कडेला, धुऱ्याशी आलं की आतला बैल जागच्या जागी थांबवतात आणि बाहेरचा फिरवून आणतात. मी तेच केलं. डावा दांडा थांबवला, उजवा पुढे रेटला. यंत्र जागेवर गर्रकन फिरलं. असा गुणी बैल माझ्या दावणीला कधी आला नाही. बैल एकदा वळून थांबतो, हे थांबत नव्हतं. (खरं सांगायचं तर मीही थांबवत नव्हतो.) प्रत्येक टोकाला दोन-तीन फेऱ्या जास्तच झाल्या.

आता फरक असा, की बैल पाय उचलतो. चाक उचलत नाही. थांबलेलं चाक जागेवर घासत राहिलं आणि सकाळीच पाणी दिलेलं गवत मुळासकट वर आलं. मधे खड्डा, भोवती मातीचं कडं, असे गोल दोन्ही टोकांना झाले. शेतात तास सरळ धरायची सवय असल्याने गोलही एका ओळीत आले, एवढं मात्र कोणीही मान्य करील.

तुमच्या सासूबाईंनी मान्य केलं नाही. त्या गच्चीवरून ओरडल्या, "अहो, लेकीच्या घरी येऊन हे काय नांगरून राह्यले? उतरा खाली! जावईबापू आले म्हणजे काय तोंड दाखवान?" मी उतरलो. त्यांनी किल्ली काढून घेतली.

तेवढ्यात बाबूसिंगजी गाडीतून उतरले. थेट गोलांपाशी गेले. मग म्हणाले, "काकाजी, हे गोल कायचे?"

मी म्हणालो, "तुमीच सांगा."

(खोटं बोललो नाही. हे लक्षात असू द्या.)

ते एका गोलाभोवती फिरले. खड्ड्यात चपलेचं टोक घातलं. "गोल टेबलं मांडून राह्यले काय? अन् हा खड्डा छत्रीच्या दांड्याचा! वा काकाजी! दारव्हा रोडवाल्यानं नुसत्या खुर्च्या दाखवल्या मले." लग्न इथेच होणार. हळदही इथेच.

आता तुमच्यासाठी दोन गोष्टी, कारण यंत्र चालवण्याचा अनुभव आता मला आहे. ओल्या गवतावर ते काढू नये. वळताना दोन्ही चाकं चालती ठेवावी. जागा कमी असेल तर थोडं पुढे, थोडं मागे घेत वळावं. एक चाक थांबवून कधीही वळू नये. तुम्हाला हे ठाऊक असेल, पण तुम्ही सांगितलं नाहीत. हात लावू नका, एवढंच सांगितलंत.

मी त्या यंत्रावर पुन्हा बसणार नाही. सुरभीला आशीर्वाद.

आपला,
वामनराव

ता. क. बाबूसिंगजींचा आताच फोन आला. पाहुणे वाढले. आणखी चार गोल लागतील, त्याच ओळीत आणि खड्ड्यासकट. किल्ली तुमच्या सासूबाईंच्या कमरेला आहे. माझं त्या ऐकत नाहीत. जावयाचा शब्द त्यांनी आजवर मोडलेला नाही. हे वाचल्याबरोबर त्यांना फोन करावा.

ता. क. दुसरा. गोल कुदळीनेही होतील, असं त्या तुम्हाला सांगतील. कुदळ सापडत नाही. मी ती नीट ठेवली आहे.